डाव्या हातचा मळ : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

२४ जून

उजव्या मनगटाला प्लास्टर. परवा संध्याकाळी वीज गेलेली, जिना ओला. पायऱ्या संपल्या असं समजून पाय टाकला, तर एक शिल्लक होती. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर फिजिओथेरपी. डॉक्टरांनी धंदा विचारला. पियानो शिकवते म्हटल्यावर म्हणाले, "मग डाव्या हातानं शिकवा की." त्यांना विनोद करायचा होता.

१२ ऑक्टोबरचा हॉल ठरलाय, अर्धे पैसेही भरलेत. विषय क्लारा शूमान, एकोणिसाव्या शतकातली जर्मन पियानोवादक : मैफली करणारी आणि शिकवणारी. थोडं बोलायचं, थोडं वाजवायचं. वाजवण्यात तिचे ओपस (रचना क्रमांक) २१ चे तीन रोमान्स आणि तिच्या नवऱ्याचं, रॉबर्टचं 'किंडरझेनेन'. दोन्हींना दोन हात लागतात.

ही नोंद फोनवर बोलून टाइप करतेय. बाख म्हटलं की फोन 'बाग' लिहितो.

२७ जून

प्लास्टरनंतरचा पहिला पूर्ण दिवस, पाच शिकवण्या. पहिल्याच मुलीला म्हणाले, "सरक जरा." ती सरकली, मी बसले, आणि मग दोघी प्लास्टरकडे बघत राहिलो.

वहीत खुणा करत गेले. पाच शिकवण्यांत 'सरक जरा' तोंडापर्यंत आलं एकोणीस वेळा. तेवीस वर्षं शिकवतेय. मुलानं चुकवलं की स्टुलावरून उठवायचं, चार बार (तालाची आवर्तनं) वाजवून दाखवायचे, "असं" म्हणायचं. मूल त्या 'असं'ची नक्कल करतं, पुढच्या आठवड्याला निम्मी नक्कल उडालेली असते, की मी परत 'असं'. यालाच मी शिकवणं म्हणत होते.

१ जुलै

कार्यक्रम रद्द करायचा की नाही या विचारात क्लाराचीच पत्रं चाळत बसले होते. जून १८७७. तिचा संगीतकार मित्र ब्राम्स ऑस्ट्रियात, पोर्ट्शाखला तळ्याकाठी सुट्टीवर. तिथून तो तिला बाखच्या शाकोनचं स्वतः केलेलं रूप पाठवतो. मूळ रचना एकट्या व्हायोलिनसाठी, डी मायनरमधल्या पार्टिटाचा, म्हणजे नृत्यांच्या मालिकेचा, शेवटचा भाग. बाखच्या हस्तलिखितावर साल आहे १७२०. ब्राम्सनं ती पियानोवर आणली फक्त डाव्या हातासाठी. कारण साधं : एकटा हात सगळ्या पट्ट्यांवर धावू लागला की चार तारांवर सगळं उभं करणाऱ्या व्हायोलिनवाल्याची ओढाताण आपल्यालाही जाणवते. दोन हातांनी वाजवलं तर ती अडचण जाते, आणि अडचण गेली की मजाही जाते.

हे बाड पोचलं तेव्हा क्लारा कीलला होती. तिनं उलट कळवलं की इथे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी खण उघडताना उजव्या हाताची शीर दुखावली, तेव्हा तुझं हे अगदी वेळेवर आलं.

खण! १८७७ सालची युरोपातली पहिल्या रांगेतली पियानोवादक, आणि हात गेला तो कपाटाचा खण ओढताना. मला जिन्याची लाज वाटत होती, ती जरा कमी झाली.

ठरलं. कार्यक्रम होणार. शाकोन, आणि सुरुवातीला रशियन संगीतकार स्क्रियाबिनचे ओपस ९ चे दोन तुकडे, प्रील्यूड आणि नॉक्टर्न. तेही डाव्या हाताचे. विद्यार्थिदशेत लिस्ट आणि बालाकिरेव्ह यांच्या दोन अचाट रचनांवर मेहनत करताना त्याचा उजवा हात दुखावला होता, त्यातून १८९४ मध्ये हे निघालं.

आईला सांगितलं. ऐंशी पार केलेली बाई, स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "एका हातानं टाळी वाजत नाही गं." मी म्हटलं, टाळी नाही, पियानो. "तेच ते."

५ जुलै

पहिला रियाज, चाळीस मिनिटं, बार १ ते ३२. टिपणं :

स्टूल उजवीकडे सरकवायचं. नेहमीच्या जागी बसून डावा हात वरच्या सप्तकात नेला की कोपर पोटात घुसतं आणि मनगट तिरकं होतं. वीतभर सरकले तर खांदा मोकळा.

सुरुवात तीन मात्रांतल्या दुसऱ्या मात्रेवर आहे. पहिली मात्रा रिकामी, ती मनात मोजायची. विसरलं की सगळं एखाद्या मार्चसारखं ऐकू येतं. आज चारदा विसरले.

काही कॉर्ड (एकदम वाजायचे सूर) पंजात मावतच नाहीत. खालून वर उलगडाव्या लागतात, व्हायोलिनचा गज खालच्या तारांवरून वर सरकतो तशा. पेडल खालच्या सुरावरच पकडायला हवं. उशीर झाला की पाया निसटतो आणि नुसतं छप्पर हातात राहतं.

अंगठा. दोन हातांच्या वादनात डाव्या हाताचा अंगठा मधल्यामध्ये भरणा करणारा कारकून. इथे तो सगळ्यात वर, म्हणजे चाल त्याच्याकडे. सगळ्यात जड बोटानं सगळ्यात गाता सूर काढायचा. आणि सगळ्यात दुबळ्या करंगळीनं खर्ज सांभाळायचा. ब्राम्सनं सगळं व्हायोलिनपेक्षा एक सप्तक खाली ठेवलंय, त्यामुळे तिथे आवाज आधीच गढूळ.

पानं उलटायला हात नाही. वाजवणारा हात एकच, दुसरा गळ्यात. टेपनं चार-चार पानं चिकटवून लांबलचक पट्टा केला, तो पंख्यानं उडाला. पंखा बंद केला. जुलैमध्ये.

११ जुलै

बोलायच्या भागासाठी एकहाती पियानोवादक पाउल विटगेनश्टाइन. व्हिएन्नातलं गडगंज घर, धाकटा भाऊ लुडविग तत्त्वज्ञ, घरी ब्राम्सची ये-जा. पाउलची पहिली मोठी मैफल डिसेंबर १९१३. ऑगस्ट १९१४ मध्ये आघाडीवर उजव्या कोपरात गोळी. लष्करी इस्पितळात हात कापला, तिथेच रशियनांनी पकडलं, रवानगी सैबेरियात, ओम्स्कला. तिथे लाकडी खोक्यावर कोळशानं पट्ट्या काढून तो डाव्या हाताची बोटं चालवायचा.

पुढे पैसा होता म्हणून त्यानं मोठमोठ्या संगीतकारांकडून डाव्या हातासाठी रचना लिहवून घेतल्या : राव्हेल, प्रोकोफिएव्ह, हिंडेमिट, रिखार्ड श्ट्राउस, ब्रिटन. माणूस मात्र हेकट. राव्हेलचा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाबरोबर वाजवायची रचना) जानेवारी १९३२ मध्ये व्हिएन्नात वाजवला तो स्वतः फेरफार करून; राव्हेल संतापला. प्रोकोफिएव्हला आभाराचं पत्र धाडलं, की यातला एकही सूर मला कळत नाही, मी हे वाजवणार नाही. ते काम वाजलं थेट १९५६ मध्ये, बर्लिनला, दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या जीगफ्रीड राप्पच्या हातून. हिंडेमिटचं तर विटगेनश्टाइननं कोणाला दाखवलंच नाही, कपाटात ठेवून दिलं. त्याच्या बायकोच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये सामानात सापडलं.

हा माणूस मला आवडत नाही. पण खोकं डोक्यातून जात नाही.

त्याची गुरुपरंपरा : लेशेतित्स्की, त्याचा गुरू चेर्नी, त्याचा गुरू बेथोव्हन. आपल्याकडच्या श्रोत्यांना 'घराणं' म्हटलं की पुरेल, आलेख वगैरे नको.

१९ जुलै

ओल. मधल्या सी च्या खालचा डी दाबला की खालीच बसतो. रचना डी मायनरमध्ये आणि रुसला कोण, तर डी. बरोबरच आहे, राबवला त्यालाच.

ट्यूनर काका मुंबईहून सकाळच्या गाडीनं आले. पट्टी उपसून काढली, तिच्या भोकातलं फेल्ट दाखवलं. पट्टी एका पिनेवर वरखाली होते, त्या पिनेला घासू नये म्हणून भोकाला आतून फेल्टचं अस्तर असतं. दमट हवेनं ते फुगलं होतं. बारीक पकडीनं दोन्ही बाजूंनी दाबलं, पट्टी परत बसवली, वरून फुंकर. दीड मिनिटाचं काम. नंतरचे दोन तास सूर लावण्यात.

ओल धरू नये म्हणून पियानोच्या खालच्या पेटीत लावलेला बल्ब बघून ओरडले. "हा दिवसरात्र लावता? पावसात ठीक. हिवाळ्यात विसरलात तर लाकूड तडकेल." जाताना मला शाकोनची सुरुवात वाजवायला लावली, उभ्या उभ्या ऐकली आणि म्हणाले, "उजवा हात बरा झाला तरी हे सोडू नका." पैसे नंतर देते म्हटलं, कारण डाव्या हातानं पाकीट उघडेना.

२२ जुलै

एका पालकांचा फोन. "मॅडम, तुम्हाला आता वाजवून दाखवता येत नाही, तर हात बरा होईपर्यंत फी अर्धी करता येईल का?" आवाज गोड. मी नाही म्हटलं, तोही गोडच. फोन ठेवल्यावर मात्र तासभर तोंड कडू. पंचवीस दिवस मी स्वतःलाच हे विचारत होते. दुसऱ्यानं विचारलं तेव्हा कुठे राग आला.

३० जुलै

आजची शिकवणी सविस्तर लिहून ठेवते.

सातवीतला. बोटं चपळ, कान तिखट, तोंड त्याहून तिखट. 'किंडरझेनेन'मधला पहिला तुकडा, परक्या देशांचा आणि माणसांचा. वर चाल, खाली खर्ज, मध्ये दोन्ही हातांनी वाटून घेतलेले तीन-तीन सुरांचे झुबके. सूर सगळे बरोबर. पण चालीचं प्रत्येक वाक्य संपताना शेवटचा सूर धाडकन आपटतो. आधी असतं तर : सरक जरा, असं, बघ. पाच सेकंद.

म्हटलं, "शेवटचा सूर हलका." त्यानं तो इतका हलका केला की वाजलाच नाही.

"वजन कमी नको करूस, आधीच उतरवत आण." बघत राहिला.

"बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज कसा खाली येतो?" "माझा नाही येत," म्हणाला. खरंच नाही येत.

"गाऊन दाखव." गात नाही. आवाज फुटतोय, लाजतो.

डावा हात त्याच्या हाताखाली धरला, म्हटलं, माझ्या तळव्यावर वाजव. चार बार वाजवले. शेवटच्या सुराला त्याचं मनगट वरून खाली पडताना मला स्पष्ट कळलं. तेवीस वर्षांत हे मी कोणाच्या बाबतीत तळव्यावर घेऊन बघितलेलं नाही; नेहमी कानानंच ऐकलं, चूक पकडली, आणि उठवलं. "इथे, या सुराला तुझा हात पडतोय. आधीच्या सुरावरूनच तो निघाला पाहिजे, म्हणजे पोचेपर्यंत पडण्यासारखं काही उरणार नाही."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "म्हणजे जिना उतरताना शेवटची पायरी आली हे पायाला आधीच कळतं, तसं?"

मग प्लास्टरकडे बघितलं. "म्हणजे, कळायला पाहिजे."

पुढच्या वेळेला शेवटचा सूर बसला. पंधरा मिनिटं गेली त्यात, पाच सेकंदांच्या जागी.

२ ऑगस्ट

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशरला जाऊन आज पाच वर्षं. कार्यक्रमात क्लाराच्या खालोखाल वेळ याला द्यायचा.

जन्म सॅन फ्रान्सिस्को, १९२८. लहान वयातच आर्टूर श्नाबेलचा शागीर्द. श्नाबेलही लेशेतित्स्कीचाच, म्हणजे विटगेनश्टाइनचा गुरुबंधू. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर, १९५२ मध्ये ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली, मग क्लीव्हलँडच्या वाद्यवृंदाबरोबर बेथोव्हन आणि ब्राम्सच्या कॉन्चेर्टोंची ध्वनिमुद्रणं, जी लोक अजून ऐकतात. आणि पस्तिशी ओलांडताना उजव्या हाताची चौथी-पाचवी बोटं आपोआप तळव्याकडे वळायला लागली. दुखत नाही, खुपत नाही, फक्त ऐकत नाहीत. त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात, हे कळायला कित्येक वर्षं गेली. जीव द्यावा असंही मनात येऊन गेलं, हे त्यानं पुढे स्वतःच सांगितलं.

बाल्टिमोरच्या पीबडी कॉन्झर्व्हेटरीत तो १९५९ पासूनच शिकवत होता. हात गेल्यावर शिकवणं वाढलं आणि बदललं. विद्यार्थ्याला बाजूला करून वाजवून दाखवायची सोय संपली, मग जे हवं ते शब्दांत सांगावं लागलं, आणि त्यानं आपण चांगले शिक्षक झालो, असं तो म्हणायचा. हे मी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं आणि छान वाक्य म्हणून सोडून दिलं होतं. आंद्रे वॉट्स, येफीम ब्रॉन्फमन, जोनाथन बिस हे त्याचे शिष्य.

तीस वर्षं डाव्या हातावर काढली, राव्हेल शेकडो वेळा वाजवला असेल. नव्वदीच्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शनं आणि मसाज यांनी बोटं थोडी सुटली. २००४ मध्ये दोन्ही हातांची तबकडी आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विटगेनश्टाइनच्या कपाटातलं ते हिंडेमिट बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा वाजवलं. डाव्या हातानं. ऐंशी वर्षं दाबून ठेवलेली रचना वाजवायला उजवा हात परत मिळालेला माणूस यावा, हे मला फार आवडतं.

बाहेर ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झालाय, रोज सात ते दहा. रियाज सकाळी हलवला.

५ ऑगस्ट

प्लास्टर निघालं. हात सोलल्यासारखा, बारीक, पांढुरका. मूठ अर्धीच वळते. घरी येऊन पहिली गोष्ट काय केली? सी मेजर स्केल. पाच सूर. बोटं भाताच्या शितांसारखी. झाकण बंद केलं.

३१ ऑगस्ट

गणपती. रियाज शून्य. मोदक वळताना उजव्या अंगठ्याला व्यायाम होतो, फिजिओथेरपिस्टला सांगितलं, ती खूश.

१४ सप्टेंबर

क्लाराचा शिकवण्याचा भाग लिहून झाला. १८७८, फ्रँकफुर्टची नवी होख कॉन्झर्व्हेटरी, संचालक योआखिम राफ. वय ५८. नवरा जाऊन बावीस वर्षं, सात मुलांचा संसार मैफलींवर ओढलेला. तिच्या अटी : दिवसाला दीड तासापेक्षा जास्त शिकवणार नाही, शिकवणी माझ्या घरी, वर्षाला चार महिने सुट्टी, हिवाळ्यात दौऱ्यांना मोकळीक, शिवाय दोन मदतनीस. मनात होत्या स्वतःच्याच मुली, मारी आणि ऑयगेनी. राफनं सगळं मान्य केलं. १८९२ पर्यंत तिनं तिथे शिकवलं; शेवटची जाहीर मैफल मार्च १८९१ ची, म्हणजे तेरा वर्षं दोन्ही एकदम.

दीड तास! माझे दिवसाला चार-पाच होतात, आणि त्यातही कोणीतरी 'जरा दहा मिनिटं जास्त' मागतं.

तिच्या अटी मी पूर्वी तोऱ्याच्या समजायचे. आता उलट वाटतं. शिकवणं किती खाऊन जातं हे तिला नीट माहीत होतं, म्हणून तिनं त्याला कुंपण घातलं. वडिलांनी, फ्रीडरिश वीकनं, तिला पाचव्या वर्षापासून घडवलं ते त्यांच्या पद्धतीची जाहिरात म्हणूनच. रॉबर्टही वीककडेच शिकायला आला आणि उजव्या हाताचं बोट कामातून गेल्यानं वाजवणं सोडून लिहायला लागला. त्या घरात हात गमावलेला, हात विकलेला, हात घडवलेला, सगळे नमुने होते. शिकवणं म्हणजे मैफल संपल्यावरची पेन्शन, असं तिला वाटायचं कारणच नव्हतं.

मला वाटायचं. ते भाषणात बोलायचं की नाही, ठरत नाही.

२८ सप्टेंबर

घरी चाचणी, सहा श्रोते. १३३ व्या बारपासून डी मेजर लागतं, ढग उघडल्यासारखं. तिथे पोचले, इतकी हुश्श झाले की पुढचे आठ बार डोक्यातून गायब. उडी मारून पुढे पकडलं. आईशिवाय कोणाला कळलं नाही. ती म्हणाली, "मध्ये कुठेतरी शॉर्टकट घेतलास."

त्या आठ बारांना रोज वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करून वाजवायचं. लांबी चौदा-पंधरा मिनिटं राहतेय, ठीक.

६ ऑक्टोबर

उजवा हात आता साधे तुकडे वाजवू शकतो. मैत्रीण म्हणते, शेवटी 'किंडरझेनेन'मधलं एखादं दोन हातांनी वाजव, लोकांना बरं वाटेल. तीन दिवस विचार केला. नाही. हात बरा झाल्याची बातमी फोनवर देता येते.

१२ ऑक्टोबर

झालं. साठ खुर्च्या, त्रेपन्न माणसं. हॉलचा पियानो माझ्याहून खालच्या आवाजात भरदार, त्यामुळे पेडल निम्मंच लागलं, हे पहिल्या पानातच ध्यानात आलं. सातवीतला पानं उलटायला. आता मी स्वतः उलटू शकले असते, पण त्याला दोन महिने सवय झाली होती आणि काढून घ्यायचं जिवावर आलं. एका जागी तो दोन बार आधीच उभा राहिला. हात पुढे करून थांबला, वाट बघत. डी मेजर नीट गेलं. शेवटून दुसऱ्या पानावर एक कॉर्ड अर्धीच लागली.

नंतर एका आजोबांनी विचारलं, "उजवा हात अजून दुखतो का हो?" नाही म्हटलं. "मग?" म्हणाले.

१५ ऑक्टोबर

उजव्या हाताचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ. बल्ब दिवाळीनंतर काढायचा. ट्यूनर काकांचे पाचशे अजून बाकी.

संध्याकाळी सातवीतला. नवा तुकडा, डाव्या हाताचं फिंगरिंग उलटंपालटं. मी उठले, त्याच्या मागे गेले, आणि तोंडातून निघालंच : सरक जरा.

तो सरकला नाही. "आधी सांगून बघा," म्हणाला.